मुलाच्या ताब्याचा खटला: वकिलांना काय सांगायचं, त्यांच्याकडून काय मागायचं

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला त्याचे बाबा कोल्हापूरला आजी-आजोबांकडे घेऊन गेले. भाऊबीज झाली, शाळा उघडली, पण मुलगा परत आला नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. मुलगा सहा वर्षांचा आहे, पहिलीत आहे, शाळा चिंचवडला. घटस्फोट घ्यायचा की नाही हे तुमचं अजून ठरलेलं नाही. ओळखीतून एक वकील मिळाले. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं, कोऱ्या वकीलपत्रावर सही घेतली आणि “आई आहात, मूल तुम्हालाच मिळणार, काळजी करू नका” असं सांगून पाठवलं. तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. हे वकील ठेवावेत का? फी कशी द्यायची? दोन वर्षांपूर्वी चिंतेच्या विकारासाठी गोळ्या चालू होत्या, ते त्यांना सांगावं का? आणि रोज रात्री दोन-पाच मिनिटं फोन लागतो, त्यात मुलाशी काय बोलावं?

मी बावीस वर्षं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. आईच्या बाजूने उभी राहिले आहे, तितक्याच वेळा बाबांच्या बाजूनेही, आणि काही वेळा आजी-आजोबांच्या बाजूनेही. खाली लिहिते आहे ते तुमच्या जागी मुलाचे बाबा असते तरी असंच लिहिलं असतं.

आधी वेळेचं बोलते, कारण तुमच्या प्रश्नात ते नाही आणि तुमच्या प्रकरणात तेच सर्वांत मोठं आहे. ताब्याच्या खटल्यात कोर्ट मुलाची लागलेली घडी सहसा चटकन मोडत नाही. आज ती घडी चिंचवडची आहे: शाळा, वर्गशिक्षिका, व्हॅनचे काका, शेजारचे मित्र. कोल्हापूरच्या शाळेत त्याचं नाव घातलं गेलं, तिथे सहा महिने गेले, की समोरचे वकील उभे राहून म्हणतील, मूल इथे रुळलं आहे, आता पुन्हा का हलवायचं? आणि त्या म्हणण्यात थोडं तथ्यही असेल. म्हणून वकील ठरवायला आठवडा घ्या, महिना घेऊ नका. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. सुट्टीला म्हणून नेलेलं मूल तेवढ्याने कोल्हापूरचं होत नाही, पण दिवस जातील तसा हा मुद्दा पातळ होत जातो. त्याच कायद्याच्या कलम १२ खाली मुलाला कोर्टापुढे हजर करण्याचा आणि तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. यासाठी घटस्फोटाचा दावा लावावा लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ वापरायचं असेल तर त्या कायद्याखालचा काही दावा चालू असावा लागतो. पालक-पाल्य कायद्याचा अर्ज स्वतंत्र उभा राहतो. “आधी घटस्फोट टाकू, मग मुलाचं बघू” असं कोणी म्हणालं तर त्यांना हे विचारा. तुमचा संसार मोडायचा की नाही हा निर्णय मुलाच्या घाईत घेऊ नका.

हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा ठेवून घेतलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, त्याबद्दलही कोणीतरी तुम्हाला सांगेलच. उच्च न्यायालयात अशी याचिका करता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. पण मूल ज्यांच्याकडे आहे ते त्याचे वडील आहेत, परके नाहीत, त्यामुळे ते ठेवणं बेकायदा आहे हे दाखवणं सोपं नसतं. तो मार्ग निवडायचा की नाही हे कागद बघून वकिलांनी ठरवायचं. नातेवाइकांच्या सांगण्यावरून हट्ट धरू नका.

आता “आई आहात, मूल तुम्हालाच मिळणार” हे वाक्य. या वाक्याने मला काळजी वाटली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये असं आहे की पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. २०१५ साली गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीच्या आधारे पाच वर्षांच्या आतलं मूल आईकडे दिलं होतं. पण तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडिलांचं आणि त्यांच्यानंतर आईचं नाव आहे. त्यातल्या “नंतर” या शब्दाचा अर्थ वडील मेल्यानंतर असा घ्यायचा नाही, हे गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितलं. या सगळ्याच्या वर बसतं ते त्याच कायद्याचं कलम १३: मुलाचं हित सर्वांत आधी. आई म्हणून तुमची बाजू कमकुवत नाही, चांगली आहे. पण ती आपोआप जिंकणारी नाही. पहिल्याच भेटीत निकाल सांगणाऱ्या वकिलांनी तुमच्या मुलाबद्दल किती प्रश्न विचारले ते आठवून बघा. मुलाची शाळा किती वाजता सुटते, तुम्ही कामावरून किती वाजता येता, मधल्या वेळात त्याच्याजवळ कोण असतं, हे त्यांनी विचारलं का? कोर्ट हेच विचारणार आहे.

कौटुंबिक न्यायालयात वकिलांची जागा थोडी वेगळी आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १३ प्रमाणे इथे वकील लावणं हा तुमचा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. व्यवहारात तसा अर्ज देतात आणि परवानगी मिळते. पण या कलमाचा आत्मा कोर्टात जाणवतो. न्यायाधीश कितीदा तरी वकिलांना थांबवून थेट पक्षकाराशी बोलतात. “तुम्ही सांगा, त्याला ताप आला तर सुट्टी कोण घेतं?” अशा वेळी वकिलांकडे बघत राहिलात तर फार वाईट दिसतं. तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांकडे किंवा त्यांच्या ज्युनियरकडे अर्धा तास मागा आणि विचारा, उद्या काय होणार आहे, मला काय विचारलं जाईल. जे वकील हा अर्धा तास कधीच देत नाहीत ते इतर दाव्यांना चांगले असतील, ताब्याच्या खटल्याला उपयोगाचे नाहीत. ज्युनियरला कमी लेखू नका. तुमची फाइल त्यांनीच वाचलेली असते. रोजनामा (त्या तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद), पुढची तारीख, दाखल केलेल्या कागदाची निशाणी, म्हणजे त्याचा क्रमांक, हे सगळं त्यांच्याकडूनच कळतं. शिवाय ई-कोर्ट्स ॲपवर तुमच्या खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकलात तर तारीख स्वतःलाही दिसते. तो क्रमांक पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

वकीलपत्रावर सही घेणं यात काही वावगं नाही, त्याशिवाय वकील हजर होऊच शकत नाहीत. फक्त त्यावर कोर्टाचं नाव आणि पक्षकारांची नावं भरलेली हवीत. कोऱ्या कागदावर, कोऱ्या शपथपत्रावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर मात्र सही करू नका, वकील कितीही ओळखीचे असले तरी. आणि अर्ज दाखल होण्यापूर्वी त्याचा मसुदा घरी नेऊन वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. खाली सही तुमची असते. उलटतपासात “हे वाक्य मी सांगितलंच नव्हतं” म्हणून सुटका होत नाही.

मसुद्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण खटले इथे बिघडतात. माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक आई माझ्याकडे रडत आल्या होत्या. त्यांच्या रागात माझाही राग मिसळला आणि मी शपथपत्रात त्यांच्या नवऱ्याबद्दल एक अख्खं पान लिहिलं: दारुडा, बेजबाबदार, मुलीवर प्रेम नसलेला. पुरावा म्हणाल तर दोन समारंभांतले फोटो. दीड वर्षाने दोघंही थकले, तडजोडीला आले, मुलीच्या सुट्ट्यांचं सगळं ठरलं, आणि सहीच्या वेळी त्या वडिलांनी ते पान काढून दाखवलं. “हे मागे घेतल्याशिवाय सही करणार नाही.” तडजोड आठ महिने लांबली. ते आठ महिने मुलगी बाबांना कोर्टाच्या आवारातच भेटत होती. त्या पानाची जबाबदारी माझी होती. तेव्हापासून मी अशिलांना विशेषणं लिहू देत नाही.

“ते बेजबाबदार वडील आहेत” या वाक्याचा कोर्टाला काही उपयोग नाही. त्याऐवजी असं लिहा: मुलगा जून महिन्यात पहिलीत गेला, तेव्हापासून दिवाळीपर्यंत तीन पालकसभा झाल्या, तिन्हींना मी गेले, शाळेच्या वहीत माझ्या सह्या आहेत. “माझं त्याच्यावर जिवापाड प्रेम आहे” याऐवजी: त्याला धुळीची ॲलर्जी आहे, रात्री खोकला आला की वाफ द्यावी लागते, बालरोगतज्ज्ञांच्या फाइलवर गेल्या तीन वर्षांच्या भेटी आहेत आणि त्याला मीच नेलेलं आहे. हे सगळं तुम्हालाच ठाऊक आहे. वकिलांना कायदा माहीत असतो, तुमच्या मुलाचा दिवस माहीत नसतो. आणि कोर्टापुढे मूल जवळजवळ कधीच नसतं, असतात ते कागद आणि दोन वकील. त्याचा दिवस तुम्ही वकिलांना तासातासाने सांगितला नाहीत, तर तो कोर्टापर्यंत पोचवणारं दुसरं कोणी नाही.

म्हणून पहिल्या खऱ्या बैठकीला जाताना दोन पानी टिपण न्या. एका पानावर तारखा: लग्न, जन्म, कुठे राहिलात, शाळाप्रवेश, कोल्हापूरला नेलं तो दिवस, त्यानंतर प्रत्येक वेळी तुम्ही काय विचारलंत आणि काय उत्तर आलं. दुसऱ्या पानावर मुलाचा एक साधा शाळेचा दिवस, उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि एक रविवार. त्यात त्याचे बाबा जिथे आहेत तिथे त्यांनाही ठेवा. रविवारी सायकल शिकवायला तेच नेत असतील तर तसं लिहा. वकिलांना ते आधी कळलं तर ते अर्जात नीट मांडतील. समोरून आलं तर तुम्ही लपवलं असं दिसेल. टिपणासोबत शाळेचं बोनाफाइड, फीच्या पावत्या, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांची फाइल, मुलाचं आधार आणि जन्मदाखला, तुमचा पगाराचा दाखला. मूळ कागद स्वतःजवळ ठेवा, झेरॉक्स द्या, आणि काय दिलं त्याच्या यादीवर पोच घ्या.

व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका, फोन बदलू नका. स्क्रीनशॉट कापून-जोडून पाठवू नका. अख्खा संवाद एक्स्पोर्ट करून द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून घेतील. कौटुंबिक न्यायालय पुराव्याच्या बाबतीत इतर कोर्टांपेक्षा मोकळं असतं, त्यांच्या कायद्याचं कलम १४ तशी मुभा देतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून येऊ शकतं असं म्हटलं, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणारे निम्मे लोक मोबाइल पुढे करतात. मोठ्या माणसांच्या बोलण्याचं काय करायचं ते वकिलांना विचारा. मुलाचं रेकॉर्डिंग मात्र करू नका. “बाळा, सांग ना, बाबा तुला ओरडतात का?” हे ऐकताना न्यायाधीशांच्या कानात बाबा नसतात, प्रश्न विचारणारी आई असते.

गोळ्यांचा तुमचा प्रश्न. सांगा. सगळं सांगा, आणि पहिल्याच बैठकीत सांगा. वकिलांना सांगितलेली गोष्ट गोपनीय राहते, तुमच्या परवानगीशिवाय ती उघड करण्याची त्यांना कायद्याने मुभा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १३२ त्यासाठीच आहे. तुमच्या नवऱ्याला त्या गोळ्या माहीत आहेत, म्हणजे समोरचे वकील ते वापरणारच. तुमचे वकील उलटतपासाच्या वेळी ते पहिल्यांदा ऐकत असतील तर तुम्हाला सावरू शकणार नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तुमच्या बाजूचा आहे. नुसता आजार असणं म्हणजे माणूस वेडसर ठरणं नव्हे, हे त्यात स्पष्ट आहे, आणि कोर्टात आणलेल्या अशा पुराव्याला आव्हान दिलं गेलं तर तो तपासणीसाठी मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवण्याची तरतूदही त्यात आहे. त्याहून उपयोगी पडेल ते तुमच्या डॉक्टरांचं चार ओळींचं पत्र: कधी उपचार सुरू झाले, कधी थांबले, त्या काळात तुम्ही नोकरीला जात होतात. उपचार घेणारी आई जबाबदार असते, असं मी न्यायाधीशांसमोर कितीदा म्हटलं आहे आणि ते ऐकलंही गेलं आहे. लपवलेली गोष्ट मात्र मला कधीच नीट मांडता आलेली नाही. माझ्या एका अशिलाने हैदराबादला बदली झाल्याचं पत्र माझ्यापासून लपवलं होतं. समोरच्यांनी ते उलटतपासात काढलं. बदलीने बिघडलं नसतं, मुलीसाठी तिथल्या शाळेचा प्रश्न आपण आधीच सोडवला असता. पण त्यानंतर त्या बाईंची खरी साक्षही कोर्टाला खरी वाटेना.

घरात मारहाण झाली असेल तर तेही सांगा. तुमच्या लिहिण्यात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, कलम २१. पण तसं काही झालं नसेल आणि कोणी “दबावासाठी टाकून ठेवू” म्हणालं, तर नाही म्हणा. खोटी तक्रार पुढे ताब्याच्या अर्जात तुमच्याच गळ्यात येते, आणि मुलाला ती मोठेपणी वाचता येते.

फीचं थोडक्यात. ठरावीक रक्कम अशी सांगता येत नाही, शहर आणि वकील बदलले की ती बदलते. पण टप्पे करून लिहून घ्या: अर्ज दाखल करणं, अंतरिम म्हणजे तात्पुरत्या आदेशापर्यंत, पुरावा आणि उलटतपास, शेवटचा युक्तिवाद. समुपदेशक किंवा मध्यस्थाकडच्या तारखा त्यात धरल्या आहेत का, टायपिंग आणि नकलांचा खर्च वेगळा आहे का, हे विचारा. पैसे बँकेतून द्या, पावती मागा. “मूल मिळालं तर इतके” अशी निकालावर ठरवलेली फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि कोणी “वर द्यावे लागतात” असं म्हणालं तर त्या कार्यालयातून उठून या. बाईमाणसाला मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. तिथून मिळणारे वकील दुय्यम असतात हा समज मी मानत नाही. त्या पॅनेलवर मीही काम केलं आहे.

वकील बदलायचे का? एवढ्यावरून मी हो म्हणणार नाही. त्यांना एक बैठक द्या, टिपण घेऊन जा. ते वाचतात का, प्रश्न विचारतात का, तुमच्या बाजूच्या उणिवा तोंडावर सांगतात का, ते बघा. उणीव सांगणारे वकील ठेवा. ते गोड बोलले नाहीत म्हणून सोडू नका. बदलावंसं वाटलंच तर त्यांच्याकडून ना-हरकत घेऊन नव्या वकिलांनी वकीलपत्र दाखल करायचं असतं. फी थकली म्हणून वकिलांना तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच हे सांगितलं आहे. पण दर सहा महिन्यांनी वकील बदलणाऱ्या पक्षकाराकडे कोर्ट संशयाने बघतं, हेही खरं.

वकिलांकडे एक गोष्ट स्वतःहून मागा. तुमच्या अर्जात मुलाच्या बाबांना भेटीचा कार्यक्रम तुम्हीच देऊ करा. काही वकील म्हणतात, आपण होऊन कशाला द्यायचं, त्यांना मागू दे. मला हे पटत नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की मुलाला दोन्ही पालकांचा सहवास हा मुलाचा हक्क आहे, आणि प्रत्यक्ष भेट होत नसेल तिथे व्हिडिओ कॉल असावा. जी आई पहिल्याच कागदात म्हणते, महिन्यातले दोन शनिवार-रविवार त्याने बाबांकडे राहावं, मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी, गणपतीला कोल्हापूरला जावं आणि दिवाळीचे दिवस आलटून-पालटून, तिच्याकडे मूल दिलं तर बाबा तुटणार नाहीत, हे कोर्टाला दिसतं. त्याच अर्जात निकाल लागेपर्यंत तुमच्यासाठी रोजचा व्हिडिओ कॉल ठरावीक वेळेला आणि कोल्हापुरात भेट, असं अंतरिम मागणंही घाला. सगळं किंवा काहीच नाही असा अर्ज करू नका. ताब्याचा तात्पुरता आदेश व्हायला वेळ लागू शकतो. भेटीचा आदेश त्यामानाने लवकर होतो.

मग समुपदेशकांकडे पाठवतील. कौटुंबिक न्यायालयाच्या समुपदेशकांसमोर वकील नसतात, तुम्ही दोघंच असता, कधी मूलही. तिथे भांडण जिंकायला जाऊ नका. तडजोडीचं बोलणं गोपनीय असतं, पण मुलाविषयीचा समुपदेशकांचा अहवाल कोर्ट बघू शकतं, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं आहे. न्यायाधीशही मुलाशी चेंबरमध्ये बोलतील. मूल समजतं झालं असेल तर त्याची इच्छा विचारात घेण्याची तरतूद कायद्यात आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या शब्दाला मर्यादित वजन असतं, पण त्याचं वागणं ते टिपतात. मुलाला काही शिकवून पाठवू नका. सात वर्षांची एक मुलगी चेंबरमध्ये म्हणाली होती, “मला आईच्या ताब्यात जायचं नाहीये.” न्यायाधीशांनी तिला विचारलं, ताबा म्हणजे काय गं? तिला सांगता आलं नाही. तिला शिकवणारी बाजू माझीच होती, आणि त्या दिवसानंतर आमच्या कोणत्याच म्हणण्याला पूर्वीचं वजन राहिलं नाही.

तडजोड झालीच तर अटी बारीक लिहा. मुलाला कोण आणणार, कोण सोडणार, किती वाजता, पुणे-कोल्हापूर प्रवासाचा खर्च कोणाचा, वाढदिवस कोणाकडे, शाळा बदलायची तर दोघांची संमती, पासपोर्ट कोणाकडे, आजारपणात किती वेळात कळवायचं. “दोघांच्या सोयीने भेट” असं लिहिलेली तडजोड पुढच्या गणपतीत मोडते. पुढे परिस्थिती बदलली तर आदेश बदलून मागता येतो, ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो. म्हणून आज सगळं आयुष्य ठरवायचा ताण घेऊ नका.

शेवटचा प्रश्न, फोनचा. “कधी येतोस” विचारू नका, येणं त्याच्या हातात नाही. कोर्ट, वकील, तारीख हे शब्द त्याच्यासमोर काढू नका, बाबांना काही निरोप द्यायला सांगू नका, आजीबद्दल वाईट बोलू नका. आज काय खाल्लं, कोणाशी खेळला, खोकला आहे का, दात पडला का, एवढं पुरतं. वर्गशिक्षिकांनी आठवण काढली असेल तर तेवढं सांगा. एखादी गोष्ट रोज थोडी थोडी सांगत न्या, म्हणजे उद्याच्या फोनची वाट बघायला त्याच्याकडे काही राहील. तो चिडला, बोलला नाही, तरी रागावू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला लावा. आणि त्याच रात्री वहीत लिहा: फोन किती वाजता लावला, कोणी उचलला, किती मिनिटं चालला. कॉलच्या यादीचा फोटो त्यासोबत ठेवा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन जा, भेटीच्या अंतरिम अर्जाला तुमच्या वकिलांना तीच जोडायची आहे.